गुणाजी परबाचं गव्हाचं बेळगाव

गुणाजी परबाने हाती घेतलेलं काही तडीस गेल्याचं लालबागच्या त्या चाळीत कोणाला आठवत नव्हतं. पेटी शिकायला घेतली, ती ‘सा’च्या पुढे सरकली नाही. कोंबड्या पाळल्या, त्या तळमजल्याच्या मांजरांनी संपवल्या. त्यामुळे माघी गणपतीपुढे संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा जिवंत गव्हाचा उगववून दाखवतो म्हणाला, तेव्हा मंडळाचे चिटणीस शामराव आधी हसले आणि मग पुठ्ठा महाग आहे हे आठवून हो म्हणाले.

गुणाजी मालवणचा. भात कळायचं, गहू त्याने फक्त पिठाच्या गिरणीत पाहिलेला. पण मिलमधून सुटला की तो थेट गॅलरीत, माती भरून गहू पेरलेल्या खोक्याशी बसायचा. तीन आठवड्यांत विदर्भापासून कारवारपर्यंत हिरवंगार झालं. येणारेजाणारे थांबून बघू लागले. गुणाजीला रस्त्यात कोणी हाक मारून काही विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

सण पाच दिवसांवर आला आणि बेळगावची पाती पिवळी पडली. हात लावावा तर चिकट. जवळून पाहिलं तर पात्याच्या बेचक्यात मोहरीपेक्षा बारीक हिरव्या उवांची दाटी.

“हे कारस्थान आहे,” शामराव म्हणाले.

“कोणाचं?”

“ते कमिटी ठरवील.”

गुणाजीने कमिटीची वाट पाहिली नाही. बायकोची, राधाबाईची मशेरी पाण्यात कालवून शिंपडली. पात्यांचे शेंडे जळले, उवा मात्र बेचक्यात सुखात राहिल्या.

“आणि मी दात कशानं घासू?” राधाबाईने विचारलं. “बेळगावानं?”

दुसऱ्या दिवशी खोक्यात काळे ठिपके असलेले लाल, गोल किडे दिसले. शेजारच्या अंबिकेने ते पाहिले आणि किंकाळी फोडली, “गो बाय! ढेकणां गव्हात खंयसून इली?” चाळीत लाल आणि गोल एकच गोष्ट असते. पोरं रात्रभर अंग खाजवतात, त्यामुळे बायकांचा अंगठा विचार करायला थांबत नाही. दहा मिनिटांत सगळे चिरडले. उरलासुरला एक गुणाजीने स्वतः मारला.

संध्याकाळी मिलमधला, त्याच्याच खात्यातला सोबती आनंदा आला. तो साताऱ्याकडचा, घरी गव्हाची शेती. त्याने खोक्यात वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“गुणाजी, हा मावा. आणि तुम्ही मारले ते ढालकिडे. मावा खाऊनच जगतात ते. शत्रू सोडून आपलीच फौज कापलीत की राव!”

“मग आता?”

“नवी भरती करा. रुईच्या झाडावर मावा असतो, तिथे हेही असतात.”

रुई होती ती रे रोड स्टेशनजवळ, लाकडाच्या वखारींमागे. गुणाजी सुट्टीच्या सकाळी गेला आणि तंबाखूची डबी धुऊन तीत एकेक किडा गोळा करू लागला. चाळीसेक झाले तेव्हा मागून हवालदाराने दरडावलं.

“डबीत काय आहे?”

“किडे.”

“कशाला?”

“संयुक्त महाराष्ट्राला.”

हवालदाराने डबी उघडून पाहिली. त्या दिवसांत पोलिसाला याहून वाईट उत्तरं मिळत होती. “झाकण नीट लाव,” तो म्हणाला, “उडतील.”

किडे गव्हात सोडून गुणाजी तीन दिवस पाटावर राखण करत बसला. मिलमध्ये खाडे पडले. कोणाचा अंगठा खोक्याकडे आला की तो ओरडे, “बाई, हात मागे!” किड्यांनी बाकी मुलूख साफ केला. बेळगाव मात्र मशेरीने आणि माव्याने मिळून पार टकलं केलं होतं.

सणाच्या सकाळी शामराव कमिटीसकट हिरवा घोटीव कागद आणि खळ घेऊन आले.

“टक्कल झाकून टाकू. पाहुणे काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. ते मेलंय, आणि निम्मं मीच मारलंय. कागद लावलात तर अख्खा नकाशा उचलून घरात नेतो. गणपतीपुढे तुम्ही उभे राहा.”

गुणाजीच्या तोंडून अशी भाषा कोणी ऐकली नव्हती. शामरावांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटी गव्हाकडे पाहत होती. शेवटी त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि खोक्याचं दुसरं टोक धरलं.

“कुठून नेऊ, गुणाजीराव?”

“जिन्यावरून. आणि सावकाश, किडे आहेत.”