कपाटामागची भिंत

घर घ्यायचं असलं की त्या भागातली माणसं आधी काकूंना विचारायची, मग बँकेला. "काकू, रविवारी मोकळ्या आहात का? एक घर बघायचंय." काकू म्हणायच्या, "रविवारी कशाला? रविवारी सगळीच घरं शहाण्यासारखी वागतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी जाऊ, माणसं घरी परतल्यावर. वरच्या मजल्यावर कोण किती पाय आपटतं, गाडी लावायला जागा उरते का, नळाला धार केवढी येते, ते तेव्हाच कळतं."

भाडेकरूंनी सोडलेली घरं धुऊन-पुसून देण्यात काकूंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सामान हलवल्यावर घर कसं दिसतं हे त्यांना जेवढं ठाऊक, तेवढं ते बांधणाऱ्यालाही नसेल. त्यामुळे परक्या घरात शिरल्या की बेधडक सगळे नळ एकदम सोडायच्या, बंद फडताळात नाक खुपसून वास घ्यायच्या. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की मालकालाच विचारायच्या, "हिचं एकटीचंच लग्न होतं का हो?" आणि एक गोष्ट तर त्यांनी कितीतरी जणांना शिकवली होती. विकणारा माणूस घर दाखवताना जिथे पाठ टेकून उभा राहतो, तिथे बघायचं. बहुतेक वेळा तिथे एखादं कपाट असायचं. काकू बाह्या सरसावून म्हणायच्या, "सरकवा." मालकाचं तोंड एवढंएवढंसं व्हायचं.

आता गंमत बघा. या बाईच्या स्वतःच्या घरात एक लोखंडी कपाट होतं, आणि ते कित्येक वर्षांत तसूभरही हललं नव्हतं.

त्यामागे ओल होती. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर, आणि न्हाणीघराच्या फरशा बसवल्या होत्या काकूंच्या नवऱ्यानेच. ते पेशाने फरशी बसवणारे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि चिडल्या की काकूसुद्धा. "माझ्या फरशीखाली पाणी जाऊन दाखवू दे, मिशी काढून देईन," असं ते छातीठोक सांगायचे. लोकांच्या घरांपुरतं ते खरंही होतं. पुढे एक दिवस कामावर परांचीवरून पडले. कंबर मोडली, काम सुटलं. नेमक्या त्याच दिवसांत झाडता झाडता काकूंना कपाटामागची भिंत दिसली. पोपडे आलेले, हात लावला तर गार. बाहेरच्या खोलीत नवरा छताकडे बघत पडलेला. त्याच्याजवळ आपल्या हातांच्या अभिमानाशिवाय काही उरलं नव्हतं. तोही काढून घ्यायचा? काकूंनी कपाट परत ढकललं आणि तोंडाला कुलूप घातलं. दिव्याखाली अंधार म्हणा, हवं ते म्हणा. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते आधी सांगा.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिस्त्री वॉकर धरून घरातल्या घरात फिरायचे, पण जिना म्हटलं की संपलं. दवाखान्यात न्यायचं तर चौघं जण खुर्चीत बसवून उचलायचे. "मी माणूस आहे की सोफा?" असं दर वेळी ओरडायचे, आणि शेवटी त्यांनी खाली जाणंच सोडून दिलं. खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना गाडी कशी मागे घ्यावी ते शिकवायचे. तेवढाच विरंगुळा.

समोर एक बैठं घर होतं. एक पायरी, पुढे ओटा, आत दोन खोल्या. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. काकूंनी जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला द्यायला मला आवडेल. पण दुसरं गिऱ्हाईकही फेऱ्या मारतंय. जो आधी बयाणा देईल त्याचं घर." बयाणा द्यायचा तर आधी वरचं घर विकायला हवं. नवऱ्याला एकदा स्वतःच्या पायांनी रस्त्यावर उभं राहिलेलं बघायचं, काकूंना दुसरं काही नको होतं.

मग एजंट आला. चष्मा कपाळावर, फोन कानाला. आल्या आल्या त्याने शिकवणी सुरू केली. दोरीवरचे कपडे काढा. दिवसासुद्धा दिवे लावा. गिऱ्हाइकाशी बोलू नका, नुसतं हसा. भाव मी सांगेन. इथवर काकूंनी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं त्या स्वतःच लोकांना सांगायच्या. मग एजंटने आवाज खाली आणला. "आणि काकांना तेवढा वेळ शेजारी बसवता येईल का? आजारी माणूस दिसला की घराचा भाव पडतो हो."

"घर विकतेय मी, नवरा नाही!" काकू कडाडल्या. "ते बसतील तिथेच बसतील. आणि कपाटामागे ओल आहे, तेही सांगायचं येणाऱ्याला. पण हळू. यांच्या कानावर जाता कामा नये."

एजंटने कपाळाला हात लावला. "काकू, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पहिला पाऊस झाला की त्या माणसाला कळेलच ना? मग तो मला शिव्या घालेल, आणि मी समोरच्याच ओट्यावर बसून ऐकू का?"

त्यानंतर जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. गिऱ्हाईक यायचं, बाहेरच्या खोलीत मिस्त्रींशी गप्पा मारायचं, हसत हसत आतल्या खोलीत जायचं. तिथे काकू त्याच्या कानाशी लागायच्या. बाहेर येताना त्याचा चेहरा उतरलेला. मिस्त्री चक्रावून विचारायचे, "अगं, आत तू यांना चावतेस का?" एजंट दात-ओठ खायचा. बाईंकडचं ते दुसरं गिऱ्हाईक एकदा फूटपट्टी घेऊन ओटा मोजून गेलं. खिडकीतून मिस्त्रींनी ते पाहिलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी एजंटने एक जोडपं आणलं. बायको बस चालवायची, नवरा औषधाच्या दुकानात होता. एजंटने काकूंना बजावलं, "आज तुम्ही स्वयंपाकघरातच थांबायचं. हे गेले तर मी पण गेलो." काकूंनी ओटा मोजणारी ती फूटपट्टी आठवली आणि मान डोलावली. होय, डोलावली! इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवणारी बाई शेगडीशी गप्प उभी राहिली.

जोडप्याला घर आवडलं. खिडकी आवडली, वारा आवडला. दोघं आतल्या खोलीत गेले. काकूंनी दारातून डोकावलं, तर एजंट हसत हसत त्या कपाटाला पाठ टेकून उभा. ड्रायव्हरबाई भोळेपणाने छताकडे बघत होत्या. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हो बाजूला!" त्या अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "आणि ताई, तुम्ही छताकडे काय बघताय? हा उभा आहे तिथे बघा. सरकवा ते कपाट!"

कुणी हलेना, तेव्हा काकूंनी स्वतःच खांदा लावला. कपाट कर्रकर्र करत सरकलं. भिंत उघडी पडली. नकाशासारखे डाग, गळालेले पोपडे, तळाशी काळी रेघ. आणि दारात वॉकर टेकल्याचा आवाज झाला.

"किरकोळ ओल आहे," एजंट घाईने म्हणाला.

"किरकोळ?" मिस्त्री गरजले. "पाणी झिरपतंय ते! किरकोळ म्हणे!" ते पुढे आले, भिंतीला तळहात लावला आणि तसाच ठेवला. मग काकूंकडे बघितलं. "कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून दिसतंय."

"आणि मला सांगितलं नाहीस. माझी कीव केलीस?"

"केली! तुम्ही उशीत तोंड खुपसून रडायचात ते दिसत नव्हतं का मला? तेव्हा येऊन सांगू, की तुमचं कामही गळतंय?"

पाहुण्यांसमोर नवरा-बायकोचं असं जुंपलं की ड्रायव्हरबाईंचा नवरा चपला शोधू लागला. मिस्त्रींनी वॉकर जमिनीवर आपटला. "घर आज विकायचं नाही! माझं काम मी दुरुस्त करीन, मगच विकीन. छिन्नी-हातोडी काढ!"

"काका, पार्टी थांबायची नाही," एजंट रडकुंडीला आला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"पाय तसेही निकामीच आहेत. मारू दे."

एजंट तरातरा निघून गेला. ड्रायव्हरबाई मात्र दारात थांबल्या. "दुरुस्त झालं की मला बोलवा," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत बघितलेल्या घरांत कुणी ओरडून खरं सांगितलं नव्हतं."

मिस्त्री न्हाणीघरात पाटावर बसले आणि आपल्याच हातच्या फरशा फोडायला लागले. एकेक फरशी निघताना तोंडाने शिव्या, त्याही स्वतःलाच. कोपऱ्यातली जमीन उकरल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली. "लोकांच्या घरी दिवसरात्र पाणी तुंबवून बघितल्याशिवाय मी फरशी लावली नाही. इथे नाही बघितलं. एकच न्हाणी, दोघांना कामावर जायची घाई. तूच म्हणालीस, उरका."

"झालं! शेवटी खापर माझ्याच डोक्यावर!" काकू म्हणाल्या, पण त्यांना किती दिवसांनी हसू आलं होतं.

मिस्त्री खपत राहिले. थोडं काम, थोडं कण्हणं, पुन्हा काम. वाळू-सिमेंट काकू आणून द्यायच्या, भांडी घासायच्या मोरीत दोघं हातपाय धुवायचे. जमीन तयार झाली, तेव्हा मिस्त्रींनी न्हाणीघराचं भोक बोळ्याने बंद केलं, घोट्याएवढं पाणी भरलं आणि पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं. ड्रायव्हरबाईंनी ते वाकून पाहिलं, आणि एजंटशिवायच सौदा ठरला. पण ते दुसऱ्या दिवशी. पाणी भरलं त्या सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं. बाईंकडचं दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन येणार, एवढंच काकूंना कळलं होतं.

मिस्त्री डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटने माखलेले. "मला आंघोळ हवी," म्हणाले.

खिडकीतून काकूंनी समोर हाक मारली. बाई म्हणाल्या, "या की, माझी न्हाणी मोकळीच आहे."

"चौघांना बोलावते," काकू म्हणाल्या.

"खबरदार!"

आणि मिस्त्री जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. हात टेकले, खालच्या पायरीवर सरकले. पुन्हा हात, पुन्हा पायरी. काकू पुढे वॉकर घेऊन, जीव मुठीत धरून. वाटेत एक माणूस मदतीला धावला, तर त्याचा हात असा झटकला की तो भिंतीला चिकटला. घामाने सिमेंटचे ओघळ झाले होते. शेवटची पायरी संपली, वॉकर धरून ते उभे राहिले आणि रस्ता ओलांडला. रिक्षावाला थांबून बघत होता. "बघतोस काय? गाडी मागे घे!" मिस्त्री त्याच्यावर ओरडले.

आंघोळ झाली. ओले केस, बाईंनी दिलेला जुना टॉवेल खांद्यावर, मिस्त्री ओट्यावर येऊन बसले. "चला," काकू म्हणाल्या, "अजून वर चढायचंय."

"मी नाही येत."

"अहो, काय हा हट्ट?"

मिस्त्री बाईंकडे वळले. "बाई, पैसे आज नाहीत. ते दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला सांगा, बयाणा आलेला आहे. ओट्यावर बसलाय."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "बयाणा परत करायची पद्धत नाही हं माझ्याकडे."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. ती न पुसताच त्या जिना चढून वर गेल्या, नवऱ्याची उशी आणि औषधाच्या गोळ्या घेतल्या आणि दाराला कुलूप लावलं.