सासूबाई जिवंत असताना काढलेली मिशी

त्या साली परमुलखात कुठेशी लढाई चालली होती म्हणे, आणि इथे वऱ्हाडात कापसाचं सोनं होत होतं. लोकांच्या हाती पैसा खुळखुळत होता, म्हणून तमाशाचे फडही वाढले. आमचे घरधनी अशाच एका फडाबरोबर गेले. ढोलकी वाजवतो, असं घरी सांगून.

दोन वर्षांनी ते संक्रांतीला घरी, वलगावला आले. डोक्याला पटका, आणि मिशी साफ. आमच्याकडे पुरुष मिशी उतरवतो ती आई-बाप गेल्यावर. सासरे कधीच गेलेले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला अकोल्याला होत्या, आणि हे अकोल्याहूनच येत होते. मी काही विचारलं नाही. चूल विझवली, घरातलं भरलेलं पाणी ओतून दिलं आणि गळा काढला. शेजारणी धावल्या.

"काय झालं वं?" हे दारातच थबकले.

"माय गेली ना तुमची!"

"कवा?" म्हणत ते मटकन खाली बसले.

आता मीच चक्रावले. "म्हंजे तुमाले ठावं नाही? मंग मिशी कावून काढली?"

त्यांचा हात ओठावर गेला. मग त्यांनी सावकाश पटका सोडला. खांद्याखाली वेणी आली.

"ढोलकी नाही वाजवत मी. लुगडं नेसून नाचतो. हे तोंड घेऊन अकोल्यात मायले भेटलोच नाही."

"अवं, तुयाहून दाट हाय वेणी!" शेजारीण म्हणाली. सासूबाई गेल्याच्या धक्क्यापेक्षा हा मोठा होता.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बैलांच्या दमणीतून दारात उतरल्या. गावाने त्यांना वाटेतच सगळं सांगितलं होतं. लेकाचं ताट त्यांनी ओसरीवर मांडायला लावलं. घरात पाऊल टाकू देईनात.

"मी जिती हावो अन् मिशी काढली. मेल्यावर काय काढशीन?"

"केस, माय. मंग फडात कोणी ठेवणार नाही मले."

त्यांनी वेणी हातात धरली. आता विळा मागतात, असंच मला वाटलं.

"माह्या नावाची मिशी तं काढून बसला," त्या म्हणाल्या. "आता मी मेल्यावर केस नको काढू. लोकाईले मी सांगून ठेवतो."

मी परात घेऊन तशीच उभी. जिवंत आईच्या तोंडी असलं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पायतं काय वं? ताट आत घे त्याचं."