शनिवारचा कोयता

पुण्याच्या ज्यू प्रार्थनामंदिरातल्या एक बाई दर हंगामात तिथली तरणी पोरंपोरी घेऊन सणसरला यायच्या, आमच्याकडंच उतरायच्या. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं कुणी मोबाईल काढला, की म्हणायच्या, "ठेव तो. आधी बस. ऐक." शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार. त्या दिवशी त्या साधी काडीसुद्धा पेटवायच्या नाहीत.

यंदा अशाच एका शनिवारी उसाच्या फडात मुकादम तापानं फणफणलेल्या मजूर पोरीवर ओरडला, "ऊठ की! ट्रॉली कोण भरनार?"

बाईंनी तिच्या हातातला कोयता काढून घेतला, जमिनीवर आडवा ठेवला आणि त्यावरच मांडी घालून बसल्या. मी बांधावर उभा होतो.

"आज हिचाही शनिवार," त्या म्हणाल्या.

मुकादम माझ्याकडं बघायला लागला. ऊस माझाच होता.