टाळी वाजवायला बसवलेल्या आजी

पाहुणे आले की मला गोवळकोंडा चढावाच लागतो. तिथे खालच्या दरवाजात टाळी वाजवली की किल्ल्याच्या माथ्यावर ऐकू येते. परवा एका कुटुंबानं गुडघे दुखणाऱ्या आजींना त्या कामासाठी खालीच बसवलं होतं. माथ्यावर आमच्या शेजारी त्या घरचे सगळे कान लावून उभे, पण टाळी काही येईना. आजींचा मुलगा घाबरून खाली निघणार, तोच पदर खोचून, काठी टेकत आजीच वर आल्या. आधी त्यांनी मुसी नदीचं अख्खं खोरं डोळे भरून पाहिलं. मग घाम पुसत मुलाला म्हणाल्या, "आता तू जा खाली. टाळी मला ऐकायचीय."

"हौ, आई," म्हणत तो खाली उतरला.

टाळी आली तेव्हा आजींनी नुसती मान हलवली, किल्ला ताब्यात आल्यासारखी.