तिच्या नावाची हजेरी

भाषण करायला मला आग्रह करावा लागत नाही. माईक दिसला की माझा आवाज आपोआप चढतो. धनगरवाड्यावरच्या पोरांना त्यांच्या बोलीत शिकवा, त्यांचं जगणं पुस्तकात आणा, मग बघा ती शाळेत कशी रमतात ते! हे मी कोल्हापुरात किती सभांमध्ये तावातावानं बोलले असेन, त्याची गणती नाही. ते खोटं नव्हतं. आजही मला ते मनापासून पटतं. पण अलीकडं बोलताना मी समोरच्या कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. त्याला कारण एक दहा वर्षांची पोरगी आहे.

मी शिक्षण खात्यात अधिकारी आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगरात जे धनगरवाडे आहेत, तिथल्या मुलांच्या शिक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी माझ्याकडं कुणी वारल्यासारखं बघितलं. एकजण तर म्हणाला, "मॅडम, कुणाशी वाकडं घेतलं वो?" झालं, माझं डोकं सटकलं. माझं माहेर नेसरीकडचं, मी शेतकऱ्याची लेक. चिखलाकाट्याला भिऊन मी घरात बसणार होय? दुसऱ्याच आठवड्यात साडी खोचली आणि डोंगर चढायला लागले.

धरणापर्यंत जीप जायची, पुढं तासभर चढ. वर पंधरा-वीस घरं, घराला लागून म्हशींचे गोठे आणि एका खोलीची शाळा. बारा पोरं, एक गुरुजी. चौथीत एकच मुलगी, ती ही दहा वर्षांची पोरगी. त्या वाड्यावरची एकही मुलगी चौथीच्या पुढं शिकली नव्हती, कारण पुढची शाळा खाली गावात, आणि मधल्या जंगलात गवे. हिला गावातल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं आणि पुढं शिकवायचंच, असं मी मनावर घेतलं. तिची आई काही दाद देईना.

"पोरगी खाली ऱ्हायली तर एवढी म्हसरं मी एकटीनं बघायची व्हय?"

"अहो वैनी, उद्या जनावरांची डॉक्टर होऊन येईल की ती. मग तुमच्या म्हशींना फुकट इंजेक्शन!"

आई हसायची आणि विषय बदलायची. मी तीनदा तिच्या दारात गेले. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "बाई, तुमी म्हंताय म्हणून हां. तुमच्या शब्दावर सोडतीया पोरीला." त्या दिवशी उतरताना मी अक्षरशः गाणं म्हणत उतरले.

वाड्यावरच्या पोरांसाठी आम्ही त्यांच्याच बोलीत एक छोटं पुस्तक तयार केलं होतं. त्यातला एक धडा या पोरीनं सांगितलेला. रानात चुकलेली म्हैस तिनं हाका मारमारून कशी परत आणली, त्याची ती गोष्ट. ती सांगत गेली, मी लिहून घेत गेले. म्हशीला घालायची हाक लिहायला मला जमेना, तर ती खोखो हसली. म्हणाली, "बाई, तुमच्यानं न्हाय व्हायाचं, सोडा." पुस्तक छापून आल्यावर तिनं तो धडा सगळ्या वाड्याला घरोघर वाचून दाखवला.

मग पुण्याहून पाहुणे येणार असं ठरलं. ते शाळा बघणार होते. त्यांना आवडलं, तर हीच पद्धत बाकीच्या वाड्यांवर जाणार होती. आमचे साहेबही सोबत येणार होते. अहवालात मी सगळी पोरं रोज शाळेत असतात असं ठासून लिहिलं होतं. आणि आदल्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, घोटाळा झालाय. पलीकडच्या वाड्यावर लगीन हाय. पोरं वऱ्हाडात गेली. उद्या चार टाळकी असतील-नसतील."

आता खरं तर हे पाहुण्यांना सांगायला काय हरकत होती? लग्न आहे, पोरं गेलीत, वाड्याची रीत आहे. ज्यांचं जगणं पुस्तकात आणायचं म्हणून मी घसा कोरडा करत होते, त्यांचंच ते जगणं. पण मला माझा अहवाल आठवला. साहेब काय म्हणतील? मी फोनवर म्हणाले, "खालच्या गावातल्या शाळेची पोरं आणा की वर."

आमच्या खात्यात हे नवीन नाही. तपासणी आली की शेजारच्या शाळेची पोरं उसनी आणायची आणि गैरहजर पोरांच्या नावाला बसवायची. नवीन मास्तरालासुद्धा हे शिकवावं लागत नाही. दुसऱ्यांच्या शाळांत हा प्रकार पकडून मीच किती जणांना झापलं होतं! तीच मी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात उभी राहून उसन्या पोरांकडून नावं पाठ करून घेत होते. "तुझं नाव काय? अरे तुझं घरचं नाही, इथलं सांग." पोरं हसत होती. मीही हसत होते, मेली.

माझी ही पोरगी मात्र लग्नाला गेली नव्हती. तिची म्हैस व्यायला आली होती, म्हणून ती आईबरोबर थांबली होती. ती येणार म्हणून मी निर्धास्त होते. पण घंटा झाली तरी तिचा पत्ता नाही. जीपमधून उतरलेले पाहुणे चढावर दिसायला लागले, तसे गुरुजी घाबरले. त्यांनी गावातली एक चुणचुणीत मुलगी उठवली आणि हिच्या जागेवर बसवली. हिचं नाव तिला सांगितलं, हिचं पुस्तक तिच्या हातात दिलं. मी बघत होते. मी नको म्हणाले नाही.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी हौसेनं स्वतः हजेरी घेतली. माझ्या पोरीचं नाव पुकारलं. गावातली मुलगी टुणकन उठून म्हणाली, "हजर!"

आणि मला दारात ती दिसली.

केस विस्कटलेले, परकर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, हातात झाकणाची किटली. म्हैस पहाटे अडली होती. तिनं आणि आईनं मिळून रेडकू ओढून काढलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती धावत आली होती आणि तिला धाप लागली होती. आपलं नाव ऐकून "हजर" म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं आणि ते तसंच उघडं राहिलं होतं.

मी दाराकडं झेपावले. ती हळूच म्हणाली, "बाई, म्हस व्याली. चीक आणलाय तुमास्नी." वाड्यावर पहिला चीक विकत नाहीत. आधी देवापुढं ठेवतात, मग ज्याला मान द्यायचा त्याच्या घरी पोचवतात.

"कोण हो ही?" त्या पुण्याच्या बाईंनी विचारलं.

सांगायला किती वेळ लागला असता? ही आमची चौथीतली मुलगी, हिचाच धडा आहे पुस्तकात. दोन वाक्यं. साहेब माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "वाड्यावरची आहे. दूध द्यायला आलीय. शाळेत येत नाही."

"अरेरे! हिलाही आणा ना शाळेत."

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हणाले.

पोरीनं किटली उंबऱ्याजवळ ठेवली. पण ती लगेच गेली नाही. खिडकीबाहेर उभी राहिली. आत गावातली मुलगी तिचाच धडा वाचत होती. म्हशीच्या हाकेपाशी ती अडली, पुन्हा वाचलं, पुन्हा अडली, शेवटी गुरुजींनी सुचवलं तेव्हा पुढं सरकली. पाहुण्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मी खिडकीकडं बघितलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

पाहुणे खूश होऊन गेले. साहेबांनी जीपमध्ये पाठ थोपटली. घरी आल्यावर त्या चिकाचा खरवस करायची माझी हिंमत झाली नाही. शेजारणीला देऊन टाकला. ती दुसऱ्या दिवशी तोंडभरून कौतुक करत आली, आणि मी तिच्यावर काही कारण नसताना खेकसले.

पोरगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. गुरुजी म्हणाले, येईल दोन दिवसांनी, रुसलीय. पंधरा दिवस झाले. मग मी चढून गेले, एकटीच. वाटेवर काय काय बोलायचं ते जुळवत होते. साऱ्या जिल्ह्याला भाषणं देणारी बाई, मला माफ कर एवढं म्हणायला शब्द शोधत होते. लाज वाटते म्हणजे काय, ते मला त्या चढावर कळलं.

आई दारात शेण काढत होती. तिनं मला बसा म्हटलं नाही. तीनदा आले तेव्हा तीनदा चहा झाला होता.

"वैनी, माझं चुकलं. पोरीला पाठवा. वसतिगृहाचं सगळं ठरलंय."

"तुमच्या वहीत ती हाय की हजर. आनी कशाला न्यायाची?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

पोरगी गोठ्यातून म्हशी सोडत होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळा, त्या दिवशी मी खोटं बोलले. तू शाळेत येतेस हे मी सांगायला पाहिजे होतं. मी भ्याले." तिनं मान खाली घातली. दाव्याची गाठ सोडता सोडता थांबली. मला वाटलं, रडेल, आणि मग मी तिला जवळ घेईन.

"बाई," तिनं विचारलं, "ती पोरगी माझा धडा वाचताना अडली का?"

अडली होती. दोनदा. पण मला वाटलं, पोरीच्या मनाला आणखी कशाला लावायचं? धडा चांगला झाला म्हटलं तर तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाच त्या दिवसाचं काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "छान वाचला तिनं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. खिडकीबाहेर उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. "मग तिलाच न्या की तुमच्या वसतिगृहात," ती म्हणाली आणि म्हशी घेऊन रानाकडं चालू लागली.