मामाजींनी झोपून पास केलेलं घर

आमचं घर माझ्या सासऱ्यांनी झोपून पसंत केलेलं आहे.

निवृत्त झालो आणि भद्रावतीच्या कॉलनीतला क्वार्टर मेअखेर सोडायची वेळ आली. परवडतील अशी घरं दोनच. एक जुनं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, अंगणात कडुलिंब. दुसरं कोरं. स्लॅब, चकचकीत फरशी आणि गच्ची. मी गच्चीवर भाळलो होतो. अर्ध्या कॉलनीला 'या गच्चीवर चहाले' म्हणून आमंत्रणंही देऊन बसलो होतो. (उरलेल्या अर्ध्या कॉलनीशी माझं बोलणं नव्हतं.)

सुनंदाला, म्हणजे बायकोला, जुनंच हवं होतं.

"कवेलूवर वांदरं नाचतीन," मी म्हटलं.

"नाचू द्या. त्या स्लॅबखाली मे महिन्यात आपल्याले नाचा लागते."

शेवटी तिनं पोंभुर्ण्याहून आपल्या वडिलांना बोलावलं. मामाजींची घर पारखायची रीत एकच. भर उन्हाळ्यात, बारा वाजता, पंखा बंद ठेवून फरशीवर दुपट्टा टाकायचा आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर घर, नाही तर भट्टी.

जुन्या घरात त्यांची पाठ टेकायच्या आधी घोरणं सुरू झालं. कडुलिंबावरचे कावळे भद्रावती सोडून गेले. उठल्यावर म्हणाले, "बाई, इथी तं मले थंडी वाजून राह्यली."

दुसऱ्या दिवशी नव्या घराची पाळी. मी पहाटेच ठेकेदाराला गाठलं.

"भाऊ, स्लॅबवर वाफे करून पाणी भरा. तराई."

"सायेब, स्लॅब पडून सहा महिने झाले. आता काऊन तराई?"

"मजबुतीले."

त्यानं घोटाभर पाणी भरलं. मामाजी चारपर्यंत झोपले.

"जवाईबापू, हेही पास. दोन्ही पास, मंग तुमच्या मनाचं होऊ द्या."

सुनंदा नुसती छताकडे बघत राहिली. आम्ही नवं घर घेतलं.

पुढच्या मे महिन्यात मामाजी हौसेनं राहायला आले. बारा वाजता दुपट्टा टाकला आणि तव्यावरच्या भाकरीसारखे दोनदा पालटून उठून बसले.

"बाई, मांगच्या वर्षी हे घर थंड होतं. औंदा काय झालं याले?"

"यांले इचारा," सुनंदा भाजी निवडता निवडता म्हणाली.

मी सगळं कबूल केलं. मामाजी रागावले नाहीत. शांतपणे दुपट्ट्यानं मान पुसली.

"मंग टाका नं पाणी. मी घर पाण्यासकट पास केलं होतं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मामाजी खाली घोरतात आणि मी वर पाइप धरून उभा असतो. रस्त्यावरून जाणारे विचारतात, "काका, बांधकाम अजून चालूच हाये काय?"

गच्चीवरचा चहा मात्र मिळतो. सुनंदा जिन्यात कप ठेवून जाते, मी घोटाभर पाण्यात उभा राहून पितो. कॉलनीतलं कोणी आलंच, तर आधी पँट दुमडायला सांगतो.