सहा मिनिटांपुरती बाग

मी फुगवून सांगणारा माणूस आहे. धामणीचा अजगर करायचा आणि दोन थेंबांत गोदावरीला पूर आणायचा, हा माझा रोजचा भाव. त्यामुळे आमचं नाशिकरोडचं घर इतकं लहान होतं की एकाने जांभई दिली की दुसऱ्याने तोंड मिटून घ्यायचं, असं मी म्हणालो तर त्यातलं निम्मं सोडून द्या. उरेल तेही लहानच भरेल.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत वडिलांना ताप आला. पंधरवड्याने उतरला, पण दम काही परत येईना. आमचे डॉक्टर मला चांगले ओळखून होते, पण तेव्हा फोनवरच भेटत. त्यांनी सांगितलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं सलग चालवा. सहा मिनिटांच्या शेवटी आकडा त्र्याण्णवच्या खाली असला तर भरती करावं लागेल.

भरती हा शब्द वडील घरात काढू देत नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांच्याबरोबर नोकरी केलेले दोघं त्याच महिन्यात भरती झाले होते. दोघंही परत आले नाहीत.

आता सहा मिनिटं सलग चालायचं कुठे? पलंगापासून मोरीपर्यंत सात पावलं, की वळा. कपाटाला वळसा, परत सात. वर स्लॅब असा तापलेला की खालून भाकरी चिकटवली असती तर पापुद्रा सुटला असता. तिसऱ्याच मिनिटाला वडील फ्रिज धरून उभे राहिले. आकडा होता एक्क्याण्णव.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पंच्याण्णव."

आयुष्यभर हजारो थापा मारल्या, पण अशी कोरड्या तोंडाने एकही मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्वद भरले. मी पुन्हा पंच्याण्णवच सांगितले.

डॉक्टरांना मात्र खरं सांगितलं. ते म्हणाले, एक खाट उद्या सकाळी नऊपर्यंत धरून ठेवतो, त्यापुढे नाही. पण त्या कोंदट खोलीत गरगरून दम लागतोय की फुप्फुसच हरतंय, हे आधी कळू दे. मोकळ्या हवेत, सरळ चालवून बघा.

मोकळी हवा समोरच होती. कॉलनीची बाग, लॉकडाउनमुळे महिनाभर साखळी आणि कुलूप. आतल्या पत्र्याच्या खोलीत पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरचा रखवालदार एकटा राहायचा. मी जाळीपाशी गेलो आणि सुरुवात माझ्या पद्धतीने केली : वडील मोठे अधिकारी, ही बाग त्यांच्याच सहीने झालेली वगैरे. तो पाइप गुंडाळत राहिला. मग मी खरं सांगितलं, आकड्यांसकट.

त्याचा हात थांबला. "गेट उघडलं तर नोकरी जाईल, भाऊ. आन आमच्या पाड्यावर हा आजार अजून पोचला नाय. मीच घेऊन गेलो तर?"

मी मास्क नाकावर ओढला आणि दोन पावलं मागे सरलो. मग तोच म्हणाला, सकाळी सातला पाण्याचा टँकर येतो, त्यासाठी मोठं गेट उघडावं लागतं. "मी तिकडं टाकीपाशी असतो. मागं बघायची मला सवय नाय."

सकाळी आम्ही टँकरच्या आडून आत शिरलो. करंजाच्या रांगेखाली महिनाभराचा पाला साचला होता आणि वडिलांच्या प्रत्येक पावलाचा आवाज मला पार बिटको चौकापर्यंत ऐकू जाईल असा वाटत होता. सावलीत गार होतं. रस्त्यावरून पोलिसांच्या गाडीचा भोंगा गेला. मी झाडाआड झालो, वडील चालत राहिले.

चौथ्या मिनिटाला ब्याण्णव.

"किती?"

पंच्याण्णव जिभेवर आलेच होते. तेवढ्यात लक्षात आलं की यंत्र त्यांच्याच बोटाला आहे. तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काटे आणि आकडे वाचण्यात गेलेला हा माणूस, आणि घरी त्याने एकदाही मान खाली घालून पाहिलं नव्हतं.

"तुम्हीच बघा," मी म्हणालो.

त्यांनी चालता चालता हात वर केला. "ब्याण्णव. घरी किती होते?"

"एक्क्याण्णव. काल नव्वद."

शिवी येणार म्हणून मी अंग चोरलं. वडील म्हणाले, "आता बोलू नको. दम जातो."

टाकीकडून, पाठमोराच, रखवालदार म्हणाला, "काका, घाई नका करू. नाकानं श्वास घ्या."

वडिलांनी पाऊल आखूड केलं. पाचव्या मिनिटालाही ब्याण्णवच. मग त्र्याण्णव. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. वडीलच स्वतःशी आकडे वाचत होते, आणि सहा मिनिटं झाली तेव्हा त्यांनी चौऱ्याण्णव वाचलं.

तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "नक्की चौऱ्याण्णव? तुम्ही सांगताय म्हणून विचारतो."

"वडिलांनी स्वतः वाचलेत."

मग ती खाट मी पुढच्या माणसाला देतो, उद्या पुन्हा चालवा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. टँकर कधीच निघून गेला होता. रखवालदाराने आमच्याकडे न बघता गेटला साखळी घातली होती, आम्हाला आत ठेवून आणि कुलूप न लावता नुसतं अडकवून, आणि वडील करंजाखालून दुसऱ्या फेरीला निघाले होते.